जकातदाराचं वाच

मिरजेच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं नाव-गाव गाळून, थोडं आटोपतं करून देतो.

"आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. माझे यजमान जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. माणूस मनाने वाईट नव्हता, पण दारू सुटली नाही. दर नाताळला शपथ घ्यायचे, जानेवारीत मोडायचे. शेवटी लिव्हर गेलं. आमचं घर जुनं मिशनचं. सासूबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. मी ३१ वर्षं संडेस्कूल घेतलं, महिला मंडळ सांभाळलं, आजाऱ्यांना डबे नेले. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. तिथे एका मंडळीत जातो, रात्र रात्र कॅल्विन आणि लूथरवरची व्याख्यानं ऐकतो. परवा जेवताना म्हणाला, 'मम्मी, कोणाला तारायचं ते देवाने जगाच्या स्थापनेआधीच ठरवलंय. पप्पा त्यांच्यातले असते तर सुटले असते. आणि तुझी सेवा तारणाच्या हिशोबात शून्य आहे.' माझी नणंद कॅथलिक घरात दिलेली आहे. तिचे यजमान म्हणाले, 'असं कसं? देवाने माणसाला इच्छा दिलीय, कर्मं दिलीत.' दोघांची अशी जुंपली की ताटं तशीच राहिली. आता वर्षाच्या प्रार्थनेवरूनही वाद आहे. नणंदेची त्यांच्यासाठी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, अर्पण करायची इच्छा आहे, मुलगा म्हणतो तो कृपेचा अपमान होईल. मला एवढंच सांगा. देवाने माझ्या नवऱ्याला नाकारण्यासाठीच जन्माला घातलं होतं का? दारू त्यांनी निवडली की ती त्यांच्या कपाळी होती? माझी ३१ वर्षं फुकट गेली का? शेवटच्या महिन्यात ते फारसे बोलत नसत. रात्री झोप लागली नाही की म्हणायचे, 'ते जकातदाराचं वाच.' मी वाचायची. एवढंच."

ताई, सलाम.

तुमचं पत्र 'एवढंच' या शब्दावर संपलं. तो शब्द मी दोन दिवस डोक्यात घेऊन साताऱ्यात फिरतो आहे. त्याच्याकडे येईन. आधी तुमच्या मुलाशी थोडं बोलायचं आहे, कारण तो ज्यांच्यावरची व्याख्यानं ऐकतो त्या कॅल्विन आणि लूथर या सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांना मीही पुष्कळ वाचलं आहे आणि त्यांच्यावर माझं प्रेम आहे.

कॅल्विन पूर्वनियोजन शिकवत होता, आणि सौम्य करून शिकवत नव्हता. कोणाला जीवनासाठी आणि कोणाला नाशासाठी देवाने नेमलं आहे, असं त्याने 'इन्स्टिट्यूट्स' या आपल्या मोठ्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं. हा ठराव अंगावर काटा आणणारा आहे, हेही त्यानेच कबूल केलं. पण त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, १५५९ च्या अखेरच्या आवृत्तीत, या विषयाच्या दारातच तो वाचकाला अडवतो. म्हणतो, जो निर्धास्तपणे या जागी घुसेल त्याचं कुतूहल तर भागणार नाहीच, वर तो अशा चक्रव्यूहात सापडेल की बाहेरची वाट मिळणार नाही. आपली निवड झाली आहे का, हे पाहायचं असेल तर ख्रिस्त हाच आरसा आहे, त्यात पाहा, असंही तो सांगतो. आरशात माणूस स्वतःला बघतो. शेजारच्याचा चेहरा तपासण्यासाठी कोणी आरसा घेऊन बसत नाही. आणि पुढे प्राचीन मंडळीचा बिशप ऑगस्टिन याचा आधार देऊन तो लिहितो की, नेमलेल्यांत कोण आहे आणि कोण नाही हे आपल्याला माहीत नाही, म्हणून सगळ्यांचं तारण व्हावं अशीच इच्छा आपण धरावी.

कॅल्विनच्या मागून आलेल्यांनीही तेच केलं. हॉलंडमधल्या डॉर्टला १६१८-१९ मध्ये जी धर्मसभा भरली, तिने निवडीची शिकवण अगदी कडक शब्दांत बांधली. अर्मिनियस या डच धर्मपंडिताचे अनुयायी म्हणत होते की माणूस कृपेला नकार देऊ शकतो. त्यांचं म्हणणं या सभेने फेटाळलं. तुमच्या मुलाला ही सभा ठाऊक असणार. त्याच ठरावाच्या पहिल्या भागातलं सोळावं कलम त्याला वाचायला सांगा. ज्यांना आपल्यात जिवंत विश्वास अजून ठामपणे जाणवत नाही, पण जे कृपेची साधनं धरून आहेत, त्यांनी नाकारलेपणाचं नाव ऐकून घाबरू नये, स्वतःला नाकारलेल्यांत मोजू नये, असं तिथे लिहिलं आहे. तुमच्या सासूबाई ज्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या दवाखान्यात राबल्या, त्या परंपरेचा १६४६ चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारही बजावतो की हे गहन रहस्य आहे, ते विशेष शहाणपणाने आणि जपून हाताळावं. जेवणाच्या ताटावर, बाप जाऊन वर्ष व्हायच्या आत, आईसमोर ते काढणं हे जपून हाताळणं नव्हे. त्याचेच गुरू त्याला हे सांगताहेत.

याहून जुना एक निवाडा आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज गावी ५२९ साली बिशपांची सभा झाली. कृपेशिवाय माणूस देवाकडे पहिलं पाऊलही टाकू शकत नाही, हे तिने मान्य केलं, म्हणजे ऑगस्टिनची बाजू घेतली. आणि त्याच कागदावर लिहिलं की देवाच्या सामर्थ्याने कोणी वाईटासाठी नेमला जातो, असं आम्ही मानत तर नाहीच, उलट तसं मानणाऱ्याचा आम्ही धिक्कार करतो. ती सभा कॅथलिकांचीही आहे आणि आपली प्रोटेस्टंटांचीही, कारण त्या वेळी मंडळी फुटायची होती. तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे, ताई. नाही. नाकारण्यासाठी जन्माला घातलं नव्हतं. दुष्टाच्या मरणाने मला संतोष होत नाही, असं यहेज्केलाच्या पुस्तकात देव स्वतःच्या जिवाची शपथ घालून सांगतो. तुमच्या यजमानांसाठी ती शपथ वेगळी नव्हती.

आता दारूचं. निवडली की कपाळी होती, असं तुम्ही विचारलंत. हा प्रश्न ज्याच्या घरात दारुडा नाही त्याला पुस्तकी वाटतो. तुम्हाला वाटणार नाही.

१५२४ साली एरास्मस या डच विद्वानाने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने एक ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं. माणसाला काही करताच येत नसेल, तर देव आज्ञा कोणाला देतो आणि दोष कोणाला लावतो? पुढच्या वर्षाच्या अखेरीस लूथरने उत्तर दिलं, तेही गुलाम झालेल्या इच्छेवर. आज्ञा दिली म्हणजे पाळण्याची ताकद आहे असं होत नाही, ती ताकद नाही हे कळावं म्हणूनही आज्ञा असते, असं तो म्हणाला. त्या उत्तरात लूथरने एरास्मसचे आभारही मानले आहेत. पोप, पापक्षालनाची जागा, क्षमापत्रं या किरकोळीत न शिरता तू एकट्याने थेट नरडीला हात घातलास, असं लिहून.

तुमच्या घरात हे दोघेही राहत होते. नाताळच्या रात्री शपथ घेणारा माणूस खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी त्याला खरंच सोडायची होती. आणि जानेवारीत जो गुत्त्याकडे वळला तोही तोच, त्याच पायांनी. पौलाने रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात हेच लिहिलं आहे. जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही, जे वाईट नकोसं वाटतं तेच करतो. ऑगस्टिनने स्वतःच्या तरुणपणाबद्दल लिहिताना याचंच आश्चर्य केलं की मन हाताला हुकूम देतं तर हात हलतो, मन मनालाच हुकूम देतं तर ते ऐकत नाही.

म्हणून मी म्हणतो, पहिला घोट त्यांनी निवडला असेल. दहाव्या वर्षीचा घोट निवडलेला नव्हता, त्या घोटानेच त्यांना धरून ठेवलं होतं. दोन्ही खरं आहे आणि त्यात त्यांची जबाबदारी पुसली जात नाही. तुम्ही मार खाल्ला असेल, पगार गेला असेल, ते सगळं खरंच घडलं. माफ करायचं तर ते घडलं असं म्हणूनच करावं लागतं. पण 'सुटायची इच्छा असती तर सुटले असते' असं जो कोणी म्हणतो त्याला व्यसन कळलेलं नाही. गंमत नाही, पण लक्षात घेण्यासारखं आहे, की तुमच्या मुलाचं 'पप्पा त्यांच्यातले असते तर सुटले असते' हे वाक्य कॅल्विनच्या भाषेत असलं तरी त्यातला निष्कर्ष पेलेजियसच्या, म्हणजे माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो असं शिकवणाऱ्या ऑगस्टिनच्या विरोधकाच्या, बाजूचा आहे. सुटणं हे ज्याच्या-त्याच्या करण्यात दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर तो देवाचा नाही! कृपा ही कमाई नाही असं म्हणता म्हणता सुटलेली दारू हीच कमाई होऊन बसली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीत पहिल्याच पायरीला माणूस कबूल करतो की दारूपुढे माझं काही चालत नाही. हरल्याची कबुली तिथे सुरुवात मानली जाते. हे ध्यानात ठेवा, मला त्याचा पुढे उपयोग आहे.

तुमच्या ३१ वर्षांबद्दल. इथे मला तुमच्या नंदावांचीही बाजू नीट मांडायची आहे, कारण आपल्या मंडळ्यांतून 'कॅथलिक लोक कर्मांनी तारण कमावतात' असं सर्रास बोललं जातं आणि ते खरं नाही. लूथरला उत्तर म्हणून कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ ला नीतिमान ठरण्याविषयीचा ठराव केला. त्यातला पहिलाच नियम असा की ख्रिस्ताच्या कृपेवाचून माणूस आपल्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो शापित असो. नीतिमान ठरण्याआधीचं काहीही, विश्वास असो की कर्म, ती कृपा कमावू शकत नाही, हेही तिथेच आहे. मग भांडण कशाचं होतं? बरंचसं एका क्रियापदाचं. आपल्या मराठी शास्त्रात 'नीतिमान ठरतो' असं आहे. न्यायालयात आरोपी निर्दोष ठरतो तसं. लूथरचा जोर यावर होता. मी आतून अजून पापीच आहे, पण ख्रिस्ताचं नीतिमत्त्व माझ्या नावावर धरून देव मला मोकळं ठरवतो. ऑगस्टिन लॅटिन वाचत होता, आणि लॅटिन शब्दात 'करणे' दडलेलं आहे. त्यामुळे कॅथलिक परंपरा म्हणाली, देव नुसतं ठरवत नाही, नीतिमान करतो, आतून बदलतो. ठरवणे आणि करणे. माझं मत विचाराल तर देव जे ठरवतो ते तो करायलाही घेतो. पण आधी ठरवतो. हा क्रम मला सोडवत नाही, आणि त्या बाबतीत मी लूथरचाच आहे.

तुमच्या डब्यांचा हिशोब मला तासगावच्या द्राक्षबागेत सोपा दिसतो. तिथले बागाईतदार आधी डॉगरिजचा जंगली खुंट लावतात. मुळं चिवट, कमी पाण्यात आणि खारट जमिनीत तग धरणारी. त्यावर सोनाका किंवा माणिक चमनचं कलम भरतात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग घड. आता सांगा, घड फांदीचा की मुळाचा? लागला फांदीलाच. रस खालून आला. पण घड दिल्याबद्दल बक्षीस म्हणून फांदीला खुंटावर बसवलं, असं कोणी म्हणेल का? कलम आधी भरावं लागतं. तुटलेल्या काडीला घड येत नाही. ट्रेंटच्या त्याच ठरावाच्या सोळाव्या प्रकरणात हाच दाखला आहे, योहानाच्या पंधराव्या अध्यायातला. वेलीतून फांद्यांत जसा रस जातो तसं ख्रिस्ताचं सामर्थ्य आपल्यात येत असतं. मुलाला विचारा, यात त्याला काय खटकतं.

तर तुमचे डबे तारणाची किंमत नव्हते. त्या अर्थी तो बरोबर बोलला. पण किंमत नव्हते म्हणजे शून्य होते, हे चूक. याकोब रोखठोक सांगतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, आणि 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात, तेही 'केवळ विश्वासाने नव्हे' असे. रोमकरांच्या तिसऱ्या अध्यायात 'केवळ' हा शब्द लूथरने आपल्या जर्मन भाषांतरात घातला. अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून घातला, आणि मला वाटतं अर्थ चुकीचा नाही. तरी मुलाला हे ठाऊक असू द्या. देव जेव्हा आमच्या गुणांना मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच दानांना मुकुट घालत असतो, असं ऑगस्टिन लिहून गेला. तुमच्या हातून गेलेला प्रत्येक डबा त्याने दिला होता आणि तुम्ही नेला होता. संडेस्कूलमध्ये तुम्ही शिकवलेली मुलं आज चाळिशीत असतील. त्यांना विचारा फुकट गेलं का.

हे भांडण आता पूर्वीचं राहिलेलं नाही, हेही नंदावांना आणि मुलाला दोघांनाही सांगायला हवं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या कार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले. २०१७ मध्ये विटेनबर्गला रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघानेही सही केली, म्हणजे कॅल्विनच्या वारसांनी. सगळे मतभेद मिटले असं नाही, आणि कॅल्विनच्या सगळ्याच वारसांना ते पटलं असंही नाही. पण तुमच्या जेवणाच्या टेबलावर ज्या मुद्द्यावरून ताटं राहिली, त्यावर शाप द्यायचं कारण उरलेलं नाही.

कॅथलिकांच्या घरातही हा वाद झालाच होता. कृपा आधी की इच्छा, यावर डॉमिनिकन आणि जेझुइट हे त्यांचे दोन धर्मसंघ १५९८ पासून रोममध्ये भांडत होते. १६०७ साली पोप पाचव्या पॉलने निकाल न देताच बैठका बंद केल्या आणि सांगितलं की दोघांनीही आपापलं शिकवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये, निकाल पुढे देऊ. तो निकाल आजवर आलेला नाही. मला तो पोपचा कमकुवतपणा वाटत नाही.

आणि हा वाद परक्यांचा आहे असंही समजू नका. माकडिणीचं पिलू आईला घट्ट धरतं, मांजरीच्या पिलाला आई तोंडात धरून नेते. मर्कटन्याय आणि मार्जारन्याय म्हणून दक्षिणेतल्या वैष्णवांनी नेमका हाच वाद घातला. भक्ताने धरायचं की देवाने उचलायचं? आपल्याकडे आळशाला म्हणतात, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी. पण अंथरुणाला खिळलेला माणूस तेच म्हणाला तर? तेव्हा ती आळशाची म्हण राहत नाही. ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये आमच्या साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. तुकोबांनी बांधलेल्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं म्हणणारा तो माणूस. ज्याने दोन्ही काठ पाहिले त्याला कृपा हा शब्द बाहेरून आणावा लागला नाही.

वर्षाच्या प्रार्थनेचं सांगतो. घरी उपकारस्तुती ठेवा, आपल्या पद्धतीने. गेलेल्यासाठी मागणं ही आपल्या मंडळीची रीत नाही, तेव्हा तुम्ही मागू नका. पण दिलेल्या माणसाबद्दल आभार मानायला कोणाचीच हरकत नसावी. नणंदेला तिच्या चर्चमध्ये मिस्सा करू द्या आणि तुम्ही जाऊन मागच्या बाकावर बसा. तिचा भाऊ गेलाय. मुलगा येणार नसेल तर त्याला ओढू नका.

त्याच्यावर रागावूही नका. मी तरुण पाळक होतो तेव्हा कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी एका मुलाच्या मातीला गेलो होतो. उपासनेला न येणारा, वाया गेलेला म्हणून सगळ्यांना माहीत असलेला मुलगा. मी तिथे हरवलेल्यांच्या शेवटावर संदेश दिला. सत्य सांगायला घाबरायचं नाही, असं माझ्या मनात होतं. परतताना त्याच्या आईने माझा हात धरला आणि विचारलं, "साहेब, तिकडे माझ्या पोराचं काय झालं, ते तुम्हाला कोणी सांगितलं?" मी काही बोलू शकलो नाही. ती बाई आता नाही. तिची क्षमा मागायला मी गेलो नाही, हे मला आजही सलतं. तुमच्या मुलाच्या हातात अजून वेळ आहे. त्याच्या कठोर बोलण्याखाली मला बापाची काळजी दिसते. वडिलांचं काय झालं असेल या भीतीने तो रात्र रात्र ऐकत बसतो, आणि उत्तर मिळेना म्हणून वाईटातलं वाईट उत्तर आधीच स्वतःच्या तोंडाने म्हणून टाकतो. असं मला वाटतं. आई म्हणून तुम्हाला ते अधिक कळेल.

आता ते 'एवढंच'.

लूकाच्या अठराव्या अध्यायात दोघे मंदिरात जातात. परूशी, म्हणजे धर्माचे नियम कडकपणे पाळणारा, आपला उपास आणि दशांश मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहतो, वर बघायलाही धजत नाही, ऊर बडवतो आणि एक वाक्य बोलतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." आणि प्रभू म्हणतो की हा नीतिमान ठरून आपल्या घरी गेला. ताई, चारशे-पाचशे वर्षं ज्या शब्दावरून रक्त आटवलं तो 'नीतिमान ठरणे' हा शब्द प्रभूच्या स्वतःच्या तोंडी दृष्टांताचा निवाडा म्हणून येतो तो इथे. त्या जकातदाराने दुसऱ्या दिवशी नाक्यावर काय केलं, ते लूकाने लिहिलेलं नाही. सुधारला, पुन्हा घसरला, काही नाही. हरल्याची कबुली आहे आणि घरी जाणं आहे.

तुमचे यजमान कुठे आहेत हे मी सांगणार नाही. मला कोणी सांगितलेलं नाही. पण सगळ्या शास्त्रातून, झोप न येणाऱ्या रात्री, त्यांनी कोणतं पान मागितलं ते तुम्ही लिहिलं आहे. त्यांनी परूशाचं मागितलं नाही. उधळ्या पुत्राचंही नाही, ज्याच्यात निदान उठून चालत जाण्याइतकी ताकद होती. ज्याला फक्त उभं राहता येत होतं त्याचं मागितलं. आणि हे एकदा नाही, तुम्ही लिहिता, म्हणायचे. तुम्ही पश्चात्तापाची खूण शोधत वर्ष काढलंत आणि ती रोज रात्री तुमच्याच मांडीवर उघडी होती.

हे मुलाला माहीत आहे का? पत्रावरून तसं दिसत नाही. तो पुण्याला होता. त्याला सांगा. वादात उत्तर म्हणून नको, दोघंच असाल तेव्हा सांगा. मग उपकारस्तुतीच्या दिवशी शास्त्रपाठ त्याच्याकडेच द्या. लूक १८, वचनं ९ ते १४. त्याच्या मोबाइलमधून वाचू देऊ नका. ज्या पुस्तकातून तुम्ही त्यांना वाचून दाखवत होता, तेच त्याच्या हातात द्या.